यवतच्या आण्णांनी भंडारा उचलला

माझ्या थोरल्या भावाला, म्हस्कूला, सभापती सोपानरावांनी टामीनं मारलं. चाकाचे नट खोलायची ती लोखंडी टामी. आमच्या विहिरीला खेटून त्यांचे ट्रॅक्टर वाळू उपसत होते. विहिरीची कड ढासळायला लागली म्हणून भाऊ ट्रॅक्टरपुढं आडवा झाला, एवढाच त्याचा गुन्हा. पहिली पाळी संपवून मी रांजणगावहून कंपनीच्या बसनं केंदूरला आलो, तोवर गिताबाई वहिनी त्याचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन वाळूत बसली होती. मारणाऱ्याचं नाव त्यानं तिला सांगितलं आणि पुण्याला पोचायच्या आत जीव सोडला.

पण मेलेल्याचं बोलणं बायकोच्या तोंडून कोण ऐकतो? पाहिलं होतं एकट्या जालिंदरनं. ट्रॅक्टरवर तोच होता, आमच्याच भावकीतला. पोलिसांना तो म्हणाला, मी बिडी ओढायला लांब गेलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात सोपानरावांनी त्याला आपल्या जीपवर ड्रायव्हर करून घेतलं.

चौकशी सुरू झाली तशी पार्टीवाल्यांची तोंडंही सुरू झाली. सगळ्यांत मोठं तोंड त्यांच्या पुढाऱ्याचं, यवतच्या आण्णांचं. आधी म्हणाले, म्हस्कू पिऊन पडला. माझा भाऊ सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हता. मग म्हणाले, विरोधकांचा डाव आहे. मग सभापतींना बीपी निघालं, रक्त पाहिलं की त्यांना म्हणे घेरी येते. शेवटी ठरलं की त्या दुपारी सभापती केंदुरात नव्हतेच, यवतला आण्णांच्या पुतणीच्या लग्नाच्या सुपारीला जेवत होते. उंदराला मांजर साक्ष. ऐकून ऐकून माझं डोकं सणकायचं, पण वहिनी शांत असायची. तिला फाशी नको होती, भरपाई नको होती. चार माणसांत कुणीतरी म्हणावं, की सोपानरावांनी मारलं. बास.

निवडणूक तोंडावर आली आणि आण्णांना आमची मतं आठवली. रविवारी दुपारी बिरोबाच्या देवळापुढं त्यांनी सगळी वस्ती जमवली. सोपानराव पांढऱ्या कपड्यांत शेजारी बसले. तपासावरचे फौजदारही खुर्ची टाकून बसले होते. जालिंदर जीपला टेकून उभा होता.

"सोपानराव म्हंजी देवमाणूस," आण्णा म्हणाले. "मुंगी मारायची न्हाई त्यांच्या हातून. त्या दिवशी ते माझ्या दारात जेवत व्हते."

वहिनी उठली. देवापुढचं भंडाऱ्याचं ताट उचलून तिनं आण्णांसमोर धरलं.

"उचला मग भंडारा. आन् पुन्यांदा बोला."

आमच्यात भंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. जो बोलेल त्याच्या घरावर देव उलटतो, आणि खरं ठाऊक असून जो गप्प बघत राहील त्याच्याही. आण्णांना त्याची कसली भीती? त्यांच्या लेखी ती हळदीची पूड. त्यांनी हसत मूठ भरली, तेच सगळं पुन्हा म्हणाले आणि हात रुमालाला पुसला.

जालिंदर जीपपासून पुढं आला.

"आण्णा, म्या गप्प ऱ्हायलो असतो. पर तुम्ही भंडारा उचललाय. माझी लेकरं हायत घरात. सभापतींनीच मारलं म्हस्कूला, टामीनं. म्या बघितलं."

सोपानराव उठले. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या चांगदेव आबांच्या हातातली काठी हिसकून त्यांनी जालिंदरच्या तोंडावर घातली. दोन दात पायरीवर पडले. तो खाली बसला तरी हे थांबेनात, कानावर, पाठीवर, मानेवर, जिथं बसेल तिथं. रक्त पाहून घेरी काही आली नाही. फौजदार खुर्चीतून अर्धे उठून तसेच राहिले. दमल्यावर सोपानरावांनी काठी टाकली.

आता काय सांगणार हा माणूस, म्हणून मी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी हात जोडले.

"मंडळी, बिरोबाची जागा हाय. सभापतींच्या अंगात आलं."

आणि आमच्यातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी खरंच सोपानरावांपुढं मान लववली. लाज वाटली मला.

वहिनीनं ताटातला भंडारा कपाळभर फासला, अंबाडा सोडला आणि पडलेली काठी उचलली.

"माझ्याबी अंगात आलं, आण्णा."

पहिला घाव सोपानरावांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि बरं वाटलं. दुसरा खांद्यावर. ते पायरीवर कोसळले.

"धरा तिला, फौजदार, धरा," आण्णा म्हणत होते.

फौजदार पुढं सरकले, पण मध्ये सगळी वस्ती हात जोडून उभी. अंगात आलेल्या बाईला आमच्यात कुणी हात लावत नाही, लावूही देत नाही. आण्णांनी स्वतःच सांगितलं होतं, जागा बिरोबाची आहे.

वहिनीनं काठी डोक्यावर उगारली. सोपानरावांनी मोडका हात आडवा धरला.

"गिताबाई, नको. म्याच मारलं म्हस्कूला. चुकलं माझं. नको मारू."

वहिनीची काठी वरच राहिली. ती धापा टाकत होती.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "फौजदारांना ऐकू गेलं न्हाई."