साहेबांना ऐकू येत नाही

साहेब बहिरे झाले, हे आमच्या वृद्धाश्रमात चार महिने कुणाच्या ध्यानातच आलं नाही. येणार कसं? इथे बत्तीस म्हातारे, त्यातल्या पंचवीसांना स्वतःलाच धड ऐकू येत नाही. साहेब हाकेला येईनासे झाले तेव्हा प्रत्येकाला वाटलं, आपलाच आवाज बसलाय. मग ते जोर लावून ओरडायचे, ओरडताना हातवारे करायचे. साहेब हातवारे बघून यायचे आणि म्हातारे खूश व्हायचे, "अजून दम आहे हो आपल्या घशात."

साहेब म्हणजे कुत्रा. तपकिरी, जाडजूड, एक कान उभा, एक दुमडलेला. दर गुरुवारी निळा पट्टा बांधून कामावर येतात आणि माणसांच्या मांडीवर डोकं ठेवून बसतात. काम एवढंच. पण ते आमच्यातल्या कुणाला जमत नाही. त्यांना घेऊन येतात ते निवृत्त पोस्टमनकाका. नोकरीत त्यांना तीनदा कुत्रे चावले, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी कुत्राच पाळला. "निदान चावणारा घरचा असावा," म्हणतात.

मी इथे नऊ वर्षं मावशी म्हणून राबते. कुत्र्याला अहो-जाहो करते आणि आमच्या व्यवस्थापकाला पाठीमागे अरे-तुरे. दोघांनी ते आपापल्या कामाने कमावलंय.

सात नंबरच्या काकू शिवणकाम करायच्या. एका मशीनवर चाळीस वर्षं. मग झटका आला आणि उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, पण मांडीवर पडून असतो, कुणाचा तरी विसरलेला मोजा असावा तसा. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. काकूंनी डाव्या हाताने तो त्यांनाच फेकून मारला. नेम चांगला होता. मुलगा महिन्यातून एकदा येतो, मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतो आणि जाताना मला विचारतो, "आईच्यात काही फरक?" अरे, आई तुझ्यासमोर बसलीये, तिला विचार की. तिची जीभ शाबूत आहे, कात्रीसारखी.

बहिरेपण पकडलं औषधांच्या गाडीने. तिचं एक चाक असं किंचाळतं की मेलेला उठून बसेल. एका गुरुवारी साहेब काकूंच्या पलंगाशेजारी झोपले होते. मी गाडी त्यांच्या डोक्यापाशी नेली. ना उभा कान हलला, ना दुमडलेला.

"काकू, ह्यांना ऐकू येत नाही हो."

"आज कळलं? मला चार महिने झाले."

"आणि बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? एक अवयव बंद पडला की घरी पाठवतात. मला तर घरीही नाही पाठवलं."

"मग बोलावता कसं त्यांना?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग पलंगाबाहेर पाय काढून फरशीवर दोनदा ठोकलं. हादरा बसताच साहेबांनी डोळे उघडले. आणि काकूंचा उजवा हात हलला. आधी दोन बोटं, मग मनगट, मग अख्खा हात चादरीवरून वीतभर वर आला. लटपटत होता, पण वर होता. साहेब उठले आणि त्याच्याखाली डोकं घालून बसले.

"डावीकडे भिंत," काकू म्हणाल्या. "हे बसतात उजवीकडे. करणार काय मग."

माझ्या हातातल्या गोळ्या सांडल्या. "व्यायामाच्या बाईंना सांगते."

"खबरदार. उद्या चेंडू घेऊन हजर होईल ती."

पुढच्या गुरुवारी साहेबांची वार्षिक परीक्षा होती. पास झाले तर वर्षभर यायची परवानगी, नाहीतर पट्टा काढून ठेवायचा. व्यवस्थापक सकाळपासून खुशीत होता. त्याला कुत्र्याचे केस सलतात. काकूंनी पोस्टमनकाकांना खोलीत बोलावून पढवलं, "हाक मारताना हात हळूच हलवा. आणि बहिरेपणाबद्दल तोंड बंद ठेवा."

हॉलमध्ये सगळे जमले. परीक्षक बाईंनी साहेबांच्या मागे स्टीलचं ताट आपटलं. साहेब शांत. बाईंनी कौतुकाने कागदावर खूण केली. "इतका स्थिर कुत्रा मी पाहिला नाही." काकूंनी माझं मनगट दाबलं.

"आता दहा पावलांवरून हाक मारा, काका. हात पाठीमागे."

पोस्टमनकाकांनी हात मागे घेतले. ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाहिली आणि एकही फोडलं नाही, तो लबाडी काय करणार?

"तो बहिरा आहे, ताई. आम्ही लपवलं."

"झालं," काकू पुटपुटल्या. "पोस्टमन तो पोस्टमनच. सगळं पोचवून मोकळा."

परीक्षक बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बहिऱ्या कुत्र्याला झोपेत कुणी हात लावला तर तो दचकून चावू शकतो. चूक त्याची नसते, पण दात त्याचे असतात. आधी जागं करायचं, हे बत्तीस जणांना कोण शिकवणार?"

"बत्तीसांचं मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "माझं बघा." आणि मला, "खुर्ची तिकडे ने. दहा पावलं."

मी चाकांची खुर्ची नेली. साहेब खिडकीतल्या कबुतराकडे बघत बसले होते. काकूंनी पाय ठोकला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्याचा हादरा पोचला नाही. मग हात उचलला. वीतभर. मग खांद्यापर्यंत. तिथे थांबवला.

साहेब बघेनात.

हाक मारून उपयोग नाही, हे आता सगळ्यांना माहीत होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा बत्तीस म्हातारे एकदम गप्प बसलेले मी पाहिले. काकूंचा हात पानासारखा कापत होता, कपाळावर घाम होता. मी कोपराखाली आधार द्यायला गेले.

"हात लावू नकोस," त्या दातओठ खाऊन म्हणाल्या.

कबुतर उडालं. साहेबांनी मान वळवली. पाहिलं. म्हातारी माणसं उठतात तसे टप्प्याटप्प्याने उठले, आधी पुढचे पाय, मग मागचे, आणि सरळ येऊन त्या हाताखाली उभे राहिले. हात त्यांच्या डोक्यावर पडला तो पडलाच.

दारात व्यायामाच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात चेंडू होता. त्यांनी तो गुपचूप खिशात टाकला.

परीक्षक बाई बराच वेळ लिहीत होत्या. "हॉलसाठी नापास," त्या म्हणाल्या. "माझा इलाज नाही. एका खोलीत, एका माणसाजवळ, जागं करूनच हात लावायचा, एवढी परवानगी देते."

"एका माणसासाठी?" व्यवस्थापकाने तोंड वाकडं केलं.

"एकासाठीच," मी म्हटलं. "बाकीच्या एकतीसांकडे तुम्ही बघताच आहात की." त्याने मला नोटीस दिली. ती मी घडी करून औषधांच्या गाडीच्या चाकाच्या फटीत घातली, तरी चाक किंचाळतंच.

पुढच्या गुरुवारी सात नंबरच्या दाराबाहेर खुर्च्यांची रांग लागली. साहेबांना बाहेर यायची बंदी, पण म्हाताऱ्यांना बघायची बंदी कुणी केली नव्हती. कुणी ओरडत नव्हतं. एकेक जण दारात यायचा, हात वर करायचा आणि साहेबांनी बघून शेपूट हलवेपर्यंत तसाच धरून ठेवायचा.

"रांगेने या," काकू आतून दटावत होत्या. "आणि आटपा. त्यांना झोप आलीये."

त्यांचा उजवा हात साहेबांच्या मानेवर होता. उसवलेली शिवण चाचपावी तशी त्यांची बोटं केसांतून सरकत होती, एकेक करून.