कानाची तपासणी

मनसाराम ढिवराची जीभ कधी जागेवर राहिली नाही, आणि भ्याला की ती जास्तच सुटायची. त्या दिवशी तर तो पुरता भ्याला होता. नागभीडहून छोट्या रेल्वेगाडीनं तो लेकाला, केवळरामला, घेऊन चांद्याला आला होता.

केवळराम विमान चालवायला शिकणार होता! गावातले गुणवंतराव मास्तर सांगायचे, दोन वर्षं शिकायचं, मग तहसीलदाराहून जास्त पगार, आणि साठीच्या आत घरी बसायचं. "साठीच्या आत?" मनसारामला नवल वाटायचं. त्याचा बाप सत्तरीतही तलावात जाळं टाकत होता. पण आधी डॉक्टरची सही पाहिजे. ती नाही मिळाली तर सगळंच मुसळ केरात.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, छाती पाहिली, कानात दिवा धरून पाहिलं. "ठीक आहे," म्हणत ते लिहू लागले. "दर सहा महिन्यांनी अशीच तपासणी होईल. वर गेल्यावर घाबरणार तर नाही ना हा?"

आता गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही!

"भेव? ह्याले?" मनसाराम फुशारला. मासे धरणाऱ्या ढिवरांत सोयरीक जुळवायची तर आधी पोराच्या बुडीची बढाई मारतात, तीच सवय. "दहा वर्साचा होता साहेब! तलावाच्या तळाशी जाळं अडकलं, तं हा बुडी मारून गेला. कान फुटला, भळभळा रगत आलं, पन जाळं सोडवूनच वर आला!"

डॉक्टरांची लेखणी थांबली. "कान फुटला होता? कोणता?"

केवळरामनं बापाकडं पाहिलं. मनसारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढिवरांत कान फुटला म्हणजे पोर तयार झालं. इथं तोच ऐब निघाला.

"हा नाई साहेब," तो कसाबसा म्हणाला. "ह्याचा मोठा भाऊ. मेला तो."

"अरेरे." डॉक्टरांनी पुन्हा कानात दिवा धरला, बराच वेळ पाहिलं, आणि सही केली.

बाहेर आल्यावर केवळराम म्हणाला, "बा, मले भाऊ कुठी होता?"

मनसारामला एकच तर लेक होता. त्यानं पोराचं मनगट गच्च धरलं आणि भर रस्त्यात, लाज सोडून, रडू लागला. पोर आता आभाळात जाणार होतं, आणि बापानं त्याचं मरण आधीच बोलून ठेवलं होतं.