पाण्यानं न जाणारं काजळ

१९६९ सालची गोष्ट. धुळ्याजवळ, आग्रा रोडला लागून असलेल्या गावात रोज सकाळी घराघराच्या सपाट मातीच्या धाब्यावर बायांची झुंबड उडायची. आदल्या संध्याकाळी देवीच्या नावानं पसरलेली पांढरी धोतरं काळी झालेली असत.

"आईनं काजळ झटकलं!" मठातले बुवा गरजायचे. "पाण्यानं धुऊन दाखवा! धुतला जातो तो मळ, राहतो तो प्रसाद!"

बाया घासघास घासत. डाग तसूभर हलत नसे. मग काय, जयजयकार!

हेच काजळ तानुबाई आपल्या चार वर्षांच्या बेबीला मधातून चाटवत होती. पोर तापानं फणफणलेली, छाती भात्यासारखी चाललेली. पण सुई टोचली तर आई कोपेल, असं बुवांनी बजावलं होतं.

तानुबाईचा भाऊ सुकदेव जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. तो भेटायला आला आणि त्याचं डोकंच फिरलं. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले, आणि बहीण बुवाच्या पायाशी!

"आधी हाई काजळ काय शे ते दाखाड," तानुबाई म्हणाली. "मंग दवाखानाना बोल."

सुकदेव इरेला पेटला. एक काळं, एक कोरं धोतर घेऊन तो जळगावला परतला. प्रयोगशाळेत दोन्हींचे तुकडे वेगवेगळ्या काचपात्रांत ठेवून त्यांवरून तासन्‌तास गरम बेंझिन फिरवलं. कोऱ्याचं बेंझिन नितळ राहिलं, काळ्याचं कोऱ्या चहासारखं झालं. ते उडून गेल्यावर बशीत चिकट डांबर उरलं. पाण्याला दाद न देणारा डाग बेंझिनमध्ये मुकाट उतरला होता. खात्री म्हणून त्यानं दोनदा वजन केलं. यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी एसटीतून उतरून तो थेट चावडीवर गेला आणि डांबराची बाटली उघडली. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या लोटननं ती हुंगली.

"हाऊ ते जळेल टायरना वास शे! मन्हा दुकानना जुना टायर बुवाच लई जास!"

माणसं मठामागे धावली. धुनीच्या राखेत टायरांतल्या तारांची रास सापडली. धुनीत जाळलेल्या टायरांचाच धूर वाऱ्यानं धाब्यांवर उतरत होता. बुवा तोवर पसार झाले होते.

सुकदेव छाती काढून बहिणीच्या घरी निघाला. गाव बाटली हुंगत होतं, तेव्हाच बेबीचा श्वास थांबला होता.

तानुबाईनं त्याच्या हाताकडे पाहिलं.

"तू बाटली लयना, भाऊ. डाक्टर काबरं नही लयना?"

 पुढं सुकदेव गावोगाव ही बाटली दाखवत फिरला, आणि शेवटी एकच सांगायचा: बुवाला उद्या पकडलं तरी चालेल. तापलेलं पोर आजच दवाखान्यात न्या.