सयाजीरावांची गोळी आणि मी

मी शालूबाईंचा पितळी खलबत्ता. आवाज दांडगा आहे माझा, पण मी काय म्हणतोय ते कुणी कधी ऐकून घेतलं नाही. आज ऐकाच.

शालूबाईंच्या आईनं मला गारगोटीच्या बाजारात लेकीच्या लग्नासाठी घेतलं. तेव्हापासून उचगावातल्या या घरात मी वेलदोडे कुटले, आलं कुटलं, पोरांच्या काढ्याची मिरी कुटली. आणि गेली चार वर्षं सयाजीरावांची रक्तदाबाची गोळी.

सयाजीराव म्हणजे शालूबाईंचे मालक. दोन म्हशींच्या धारा काढणारा गडी, पण गोळी घशाखाली उतरेल तर शपथ! "तांबडा रस्सा वाटीवर वाटी वरपतायसा, आन् एवढुशी गोळी गिळता येत न्हाय व्हय?" असं करवादत शालूबाई सकाळ-संध्याकाळ ती माझ्यात कुटायच्या आणि धारोष्ण दुधातून द्यायच्या. मला कोण अभिमान! घरधनी माझ्याच जिवावर चालतोय, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलली. दोन वेळची जुनी बंद. आता सकाळी एकच, दिवसभर हळूहळू विरघळणारी. आपण गोळी कुटून देतो, हे शालूबाईंनी दवाखान्यात कधी सांगितलंच नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटायचं.

पहिल्याच सकाळी नवी गोळी माझ्यात पडली. चार ठोक्यांत भुगा झाला.

थोड्या वेळानं सयाजीराव गोठ्यात उठून उभे राहिले आणि दावं धरून खाली बसले. तोंड पांढरंफटक. "शालू, डोळ्याम्होरं अंधार आलाय गं." शालूबाईंच्या हातातली चरवी पडली. सून रूपालीनं सासऱ्यांना आडवं केलं, रिक्षा बोलावली, आणि सगळे दवाखान्यात गेले.

दिवसभर मी ओट्यावर एकटा. तळाशी ती भुकटी चिकटलेली. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी सयाजीराव स्वतःच्या पायांनी आत आले. शालूबाई मात्र मला बघून रडायलाच लागल्या. "माझ्याच हातानं दिलं की गं मी!"

"आत्ती, तुमास्नी कुठं ठावं हुतं?" रूपाली म्हणाली. "दिवसभराचं औषध एकदम अंगात गेलं, म्हणून प्रेशर पार खाली आलं. ही गोळी अख्खीच गिळायची. कुटायची न्हाय, चावायची न्हाय. जुनी संगं घ्यायची न्हाय, आन् आपल्या मनानं बंद बी करायची न्हाय."

डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली होती; मग प्रेशर तपासून त्यांनीच ती पुन्हा सुरू केली. सयाजीराव ताठ बसले. पाण्याचा घोट, गोळी, पुन्हा घोट. शालूबाईंची नजर त्यांच्या घशावर.

"गेली?"

"गेली की!" त्यांनी आ करून दाखवला. शालूबाई हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

मग त्यांनी मला चिंचेनं लख्ख घासलं आणि चहासाठी आलं घातलं. आता प्रेशर ठीक आहे, धारा चालू आहेत, आणि माझ्याकडे आल्याचं काम आहे. मी खूश आहे.

तुमच्या घरी कुणी गोळी कुटत असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. आम्हाला विचारू नका. आम्ही पडेल ते कुटतो.