सतरा बादल्यांची लाट

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे. पण मला म्हातारी म्हणालात तर गाठ माझ्याशी आहे! काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन नावाचा चिकट द्रव यांचे थर साच्यात बसवून कारखान्यात माझं अंग घडवलं. माझं काम एकच. तळ्यावर धावायचं आणि मागे मोठी लाट उठवायची. पायांना फळी बांधलेला माणूस माझी दोरी धरून त्या लाटेवरून उडी मारतो. अहाहा, काय मजा येते म्हणून सांगू! बोट जितकी जड, तितकी लाट उंच. म्हणून माझ्या पोटात दोन्ही बाजूंना मोठ्या पिशव्या आहेत. पंपानं त्यांत तळ्याचंच पाणी भरतात. या वजनाला बॅलास्ट म्हणतात.

दोन घरं फिरून मी बसड्रायव्हर मामांकडे आले. मामांची भाची माझ्यामागे उड्या मारते. ती सारखी टुणटुणत असते म्हणून मामा तिला नाकतोडी म्हणतात. तिची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, कपडे शिवते.

एकदा मामांनी मला किनाऱ्यावर जरा जोरातच चढवलं. करकर असा आवाज झाला. मामा वाकले, बघितलं आणि म्हणाले, "हॅ! नुसता ओरखडा आहे." वरून निळा रंग फासला, झालं! वीस वर्षं बसला खरचटूही न देणारा माणूस तो. चूक कबूल कसली करतोय!

आणि काय आश्चर्य, माझी लाट मोठी व्हायला लागली! रोज थोडी जास्त उंच. धक्क्यावरचे लोक बोटं दाखवून म्हणायचे, "जुनी असून काय लाट देते बघा!" मी फुगून गेले. आत पाणी झिरपतंय हे मला कळत होतं, पण कौतुक कुणाला नको असतं? नाकतोडीनं तर पहिल्यांदाच लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडली. दहा दिवसांनी क्लबच्या संघाची निवड होती. जागा एकच होती आणि ती तिला हवीच होती.

त्या गुरुवारी मामांनी मला ट्रेलरवर ओढलं, तर टायर पार दबले.

"दादा, ही एवढी जड कशी? पिशव्या तर रिकाम्या आहेत ना?" आईनं विचारलं.

मामांनी माझ्या तळाचं बूच काढलं आणि पाण्याची धारच उडाली! आईला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. तिनं बादल्या लावल्या. एक, दोन, तीन... सतरा बादल्या भरल्या.

नाकतोडीच्या लगेच लक्षात आलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, आत्ता नको ना दुरुस्त करू! निवड झाल्यावर कर. माझी लाट जाईल!"

"आणि तळ्याच्या मधोमध बोट बुडाली तर? लाटेला धरून पोहणार आहेस?"

मामा खाली बघत म्हणाले, "चूक माझी आहे. मी रंग फासायला नको होता."

मग काय धमाल, मित्रांनो! नाकातोंडाला मास्क लावून मामांनी ग्राइंडर फिरवला. मला इतक्या गुदगुल्या झाल्या! रंगाखाली वीतभर चीर निघाली. पंखा लावून चार दिवस मला वाळवलं. आईनं काचेच्या कापडाची ठिगळं कापली, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडं मोठं. "कोपरे गोल हवेत दादा, टोकदार कोपरा आधी उसवतो," ती म्हणाली. मामांनी घाईत रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर जास्त ओतलं आणि डब्यातून धूर निघाला. "अगं आई गं, तापला की!" म्हणत मामा उडालेच. दुसरा डबा आईनं मोजून कालवला. ठिगळं बसली, सुकली, पॉलिश पेपरनं घासून माझं अंग गुळगुळीत झालं.

शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. मामांनी दोन्ही पिशव्या काठोकाठ भरल्या, पुढे आणखी लोखंडी वजनं ठेवली. मी नाक पाण्यात खुपसून धावले आणि लाट मध्येच कोसळली. नाकतोडी तीनदा आपटली. वर आली तेव्हा म्हणाली, "संपलं. उद्या मी येणारच नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई विचार करत होती. "दादा, ते झिरपलेलं पाणी साचायचं कुठे?"

"मागे, इंजिनाच्या बाजूला."

"मग सतरा बादल्या तिथेच ठेव की!"

मामांनी धावत जाऊन एक जादा पिशवी आणली, मागे पसरली आणि पट्ट्यांनी घट्ट बांधली. आईनं मोजून तिच्यात बादल्या ओतल्या, बरोबर सतरा. पुढची वजनं उतरवली.

रविवारी निवडीच्या वेळी माझं इंजिन गरजलं. मागे बघते तर काय, लाट उभी! माझी, हक्काची, न गळणारी लाट! नाकतोडी वळली, झेपावली, हवेत गेली. "गेली! पार गेली!" मामा ओरडले. पलीकडे फळी टेकली, ती डगमगली, पण पडली नाही. संघातली जागा तिला मिळाली.

सगळे तिला उचलून नाचवत होते, तेव्हा मला ट्रेलरवर ओढून मामा खाली गुडघ्यांवर बसले. त्यांनी बूच काढून खाली हात धरला. हात कोरडाच राहिला. मामांनी मला हळूच थोपटलं.

मित्रांनो, माझ्या लाटेचं भरपूर कौतुक करा, मला फार आवडतं. पण घरी निघण्याआधी माझं बूच तेवढं काढून बघा.