दिव्यातलं बिऱ्हाड

त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या मोटार स्टँडवर एक मोटार चार महिने जागची हलली नव्हती. लालासाहेबांच्या दोन प्रवासी मोटारी होत्या आणि लढाईमुळे मिळणारं पेट्रोल जेमतेम एकीला पुरायचं. धाकटी मोटार कोरेगावावरून वडूजला जात-येत होती. थोरली स्टँडच्या कडेला, पत्र्याच्या शेडपुढं उभी होती. तिचा ड्रायव्हर आकाराम.

आकाराम कोरेगावजवळच्या एका ऊसवाल्या घरातला. पलटणीत असताना त्यानं इराकात लष्कराच्या लॉऱ्या चालवल्या होत्या. तिथं पाय मोडला म्हणून तो परत आला, पण मळ्यात त्याचा जीव रमेना. लालासाहेबांनी त्याला मोटारीवर ठेवून घेतलं आणि मोटार उभी राहिल्यावरही कामावरून काढलं नाही. "रोज पुसून ठेव, हँडल मारून इंजिन फिरव, गंज चढू देऊ नकोस," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. तेवढं काम तासाभरात उरकायचं. उरलेला दिवस मात्र आकारामला खायला उठायचा.

एप्रिलातल्या एका सकाळी उजव्या दिव्यात त्याला वाळक्या काड्या दिसल्या. त्या दिव्याची काच वडूजच्या रस्त्यावर दगड उडून फुटली होती आणि आतला बल्ब काढून धाकटीला लावला होता. राहिली होती ती नुसती पत्र्याची खोल वाटी. कुणा टवाळानं काड्या कोंबल्या असतील म्हणून त्यानं त्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी परत काड्या. परत त्यानं काढल्या. तिसऱ्या दिवशी तो आत हात घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"किती येळा मोडशील रं तिचं घर?"

स्टँडवरच्या पाणपोईतली अंबूबाई त्याच्याकडं बघत होती. अंबूबाई माणदेशाकडची धनगरीण. निम्मं आयुष्य तिनं मेंढरांमागं रानोमाळ काढलं होतं. मेंढरं विकल्यावर ती साताऱ्यात आली आणि उन्हाळाभर कडुलिंबाखाली रांजण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायची.

"कुणाचं घर, मावशी?"

"वर बघ की."

मोटारीच्या टपावर एक काळंपांढरं पाखरू शेपटी उभी करून बसलं होतं. त्यानं मान वर केली आणि असा काही गळा सोडला, की आकाराम हात तसाच धरून ऐकत राहिला.

"दयाळ हाय तो," अंबूबाई म्हणाली. "त्यो नुसता गातोय. घर बांधती ती. ती बघ, कुंपणावर, राखाडी."

राखाडी मादीच्या चोचीत तांबूस धागा होता. आकारामनं नीट बघितलं तर तो काथ्या निघाला. मोटारीची मागली गादी उसवली होती आणि पाखरू तिच्यातलाच काथ्या ओढून नेत होतं.

"आयला, मालकाची गादी उपसली हिनं," तो म्हणाला आणि हसला. त्या दिवशी त्यानं मोटार पुसली, पण उजव्या बाजूला फडकं फिरवलं नाही.

मग त्याला नादच लागला. सकाळी येऊन तो पाणपोईच्या दगडावर बसायचा. मादीनं आठ दिवसांत घरटं पुरं केलं. पुढं एकदा ती बाहेर गेलेली बघून त्यानं डोकावलं, तर आत चार अंडी, फिकट हिरवी, तपकिरी शिंतोड्यांची. त्या दिवसापासून त्यानं हँडल मारायचं बंद केलं. मालकांना काही सांगितलं नाही.

नर मात्र चार दिवस येड्यासारखा करत होता. मोटारीच्या बाजूच्या आरशावर तो धडका द्यायचा, चोच आपटायचा, दमून खाली पडायचा आणि परत उठायचा. आरशावर रक्ताचे बारीक ठिपके उठले.

"ह्याला झालंय तरी काय?" आकाराम म्हणाला. "उन्हानं डोकं फिरलं काय ह्याचं?"

अंबूबाईनंही असं कधी बघितलं नव्हतं. रानात आरसे कुठले? आकाराम नराच्या जागी जाऊन वाकला आणि आरशात बघितलं. आरशात त्याचंच तोंड दिसलं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"मावशी, ह्याला आरशात दुसरा नर दिसतोय! घरापाशी आलेल्या परक्याला हाकलतोय ह्यो."

त्यानं डोक्याचा रुमाल सोडून आरशाला गुंडाळला. नर येऊन बसला, इकडं तिकडं बघितलं, परका पळून गेला अशी खात्री झाल्यासारखा टपावर गेला आणि गायला लागला.

"आता आपुनच हाकलला म्हनून गावभर सांगंल," अंबूबाई म्हणाली.

मे महिन्यात एका रविवारी पिल्लं निघाली. चार लालसर गोळे, नुसती उघडी तोंडं. आणि बुधवारी लालासाहेब स्टँडवर आले ते खुशीतच.

"आकाराम, तोंड गोड कर. गॅसचं यंत्र मिळालं. कोळशावर मोटार चालणार. परवा मिस्त्री येऊन मागल्या बाजूला बसवेल. सोमवारी थोरली रस्त्यावर निघाली पाहिजे."

चार महिने आकाराम ह्याच बातमीची वाट बघत होता. तरी "जी मालक" म्हणताना त्याचा आवाज पडला. मालक गेल्यावर त्यानं अंबूबाईला विचारलं, "पिल्लं कवा उडतील, मावशी?"

"आजून दहा-बारा रोज तरी न्हाई."

"आन् मोटार सोमवारी निघणार."

थोडा वेळ विचार करून तो उठला. पाना आणला, दिव्याची चाकी सोडवली आणि घरट्यासकट अख्खा दिवाच काढून शेडमधल्या कोनाड्यात नेऊन ठेवला. वर पत्रा, खाली भिंत, मांजराची भीती नाही. आपण लई शहाणपण केलं असं त्याला वाटलं.

मादी चोचीत अळी घेऊन आली. जिथं दिवा होता तिथं, मडगार्डाच्या वर, ती मोकळ्या हवेत पंख मारत थांबली. खाली उतरली, परत वर गेली, परत त्याच जागी घिरटली. शेड दहा पावलांवर होती. कोनाड्यातून पिल्लांची चिवचिव बाहेर ऐकू येत होती. पण ती तिकडं फिरकलीच नाही. अर्ध्या तासानं तिच्या चोचीतली अळी गळून पडली.

"तिला पिल्लांचा आवाज येत न्हाई काय?" आकाराम वैतागून म्हणाला.

"येतोय की. पर तिच्या डोक्यात घर म्हंजे ती जागा," अंबूबाई म्हणाली. "मेंढरामागं असताना आमी घरट्याची फांदी बाजूला बांदली तरी पाखरू जुन्याच जागंला यायचं. आकाराम, आदी दिवा परत लाव. पत्र्याखाली पोरं भाजत्याली."

आकाराम धावत शेडमध्ये गेला. आत पत्र्याची झळ तोंडावर आली. पिल्लांचा आवाज बारीक झाला होता. घाईघाईनं दिवा उचलून आणताना त्याचा दुखरा पाय मुडपला, दिवा कलला आणि एक पिल्लू खाली मातीत पडलं. त्यानं ते तळहातावर घेतलं. ते इतकं हलकं होतं, की हातावर आहे हे नुसत्या उबेवरून कळत होतं.

"हात लावलास?" अंबूबाईचा चेहरा उतरला. "मानसाचा वास लागला की आई पिल्लू टाकती म्हनत्यात."

"मग काय मातीत मरू देऊ?" आकाराम म्हणाला. त्यानं पिल्लू आत ठेवलं, दिवा जुन्या जागी बसवला, चाकी आवळली आणि दोघं लिंबाखाली येऊन बसली.

मादी आधी कुंपणावर आली, मग मडगार्डावर. दिव्याच्या काठावर बसून तिनं आत मान घातली. आकाराम उठून उभा राहिला. मादी उडाली, अळी घेऊन आली, परत गेली, परत आली. मग नरही यायला लागला. ते दोघं कामाला लागल्यावर आकाराम हळूच जवळ गेला. चारही तोंडं वर येत होती आणि मातीत पडलेलं पिल्लू सगळ्यांत पुढं होतं.

"न्हाई टाकलं, मावशी. चौघांना भरवतीया."

अंबूबाई स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मग आमी एवढी वर्सं खोटंच म्हनत व्हतो म्हनायचं." तिला वाईट वाटलं नव्हतं. उलट ती हसत होती.

त्या संध्याकाळी दोघांनी युक्ती काढली. जागा बदलायची, पण पाखराला कळेल अशी, हळूहळू. गुरुवारी उजाडताना आकारामनं डांबराची दोन लहान रिकामी पिंपं एकावर एक ठेवली, वर खोकं ठेवलं आणि दिवा सोडवून त्यावर बसवला, पहिल्या जागेला लागूनच, तेवढ्याच उंचीवर. मादी आली. आधी मडगार्डावर उतरली, मग मान वाकडी करून बघितलं आणि टुणकन दिव्यात गेली. तिनं दोन-तीन वेळा भरवल्यावर आकारामनं पिंपं हातभर सरकवली. ती परत जुन्या जागी आली, थबकली आणि हातभर पुढं गेली.

असं ते सुरू झालं. दिवसातून पाच वेळा, दर वेळी हातभर. बारा पावलांवर पाणपोईवरचं लिंबाचं झाड होतं. त्याच्या बेचक्यापर्यंत दिवा न्यायचा होता. शुक्रवारी मिस्त्री आला आणि मोटारीच्या मागल्या बाजूला घण घालायला लागला. आकारामला वाटलं, आता संपलं. पण पाखरांना घणाचं काहीच वाटलं नाही. त्यांना फक्त दिवा कुठं आहे ते कळलं की पुरे होतं. मिस्त्रीच हातोडा खाली ठेवून विचारायचा, "आज कुठवर गेलं बिऱ्हाड?"

शनिवारी लालासाहेब यंत्र बघायला आले. ड्रायव्हर पिंपं सरकवतोय हे बघून ते तिथंच थांबले.

"हे काय चाललंय? दिवा कुठाय मोटारीचा?"

आकारामनं सगळं सांगितलं. हँडल मारलं नाही तेही सांगून टाकलं.

"म्हणजे सोमवारी एका दिव्यानं जाणार तू?"

"दिवसाउजेडी जायाचं, दिवसाउजेडी यायाचं, मालक. उजव्या दिव्याला आसं पन बल्ब न्हाईच."

"आणि पोलिसानं अडवलं तर काय सांगशील? दिव्यात बिऱ्हाड आहे म्हणून?"

लालासाहेबांनी टोपी सारखी केली, पिंपाजवळ जाऊन वाकून आत डोकावलं आणि पटकन मागं सरले, कारण नर थेट त्यांच्या टोपीवर झेपावला होता.

"आठवडाभर चालव तशीच," ते म्हणाले. "पण मिस्त्रीला म्हणावं, घण जरा बेतानं."

रविवारी संध्याकाळी दिवा लिंबाच्या बेचक्यात पोचला. आकारामनं तो तारेनं आवळून बांधला आणि मांजर चढू नये म्हणून बुंध्याला पत्रा गुंडाळला.

सोमवारी सकाळी थोरली धूर सोडत निघाली. माणसं कौतुकानं टपावरसुद्धा बसली होती. वडूजपर्यंत मोटार चांगली चालली, चढाला दोनदा थांबली, पण आकारामचं मन लिंबापाशी होतं. मोटारच गेल्यावर मादीला जागा ओळखू येईल का? उतरत्या उन्हात साताऱ्यात परत आल्याबरोबर त्यानं अंबूबाईला तेच विचारलं.

"आली की," ती म्हणाली. "तू गेल्यावर एकदा आली, मोटारीच्या जागंवर मोकळ्यात फिरली. मी म्हनलं, झालं आता. मग लिंबावर गेली. दुसऱ्या येळंपासनं सरळ लिंबावरच."

आकाराम रांजणातलं दोन तांबे पाणी एका दमात प्याला. गॅसच्या धुरानं त्याचं तोंड काळं झालं होतं, पण त्याला बरं वाटत होतं.

पुढचे आठ दिवस तो रोज जाताना आणि येताना लिंबाखाली उभा राहायचा. पिल्लांना पिसं फुटली, छातीवर तपकिरी ठिपके आले. मग एका सकाळी मोटार सुटायच्या वेळेला एक पिल्लू खाली, रस्त्याच्या मधोमध येऊन बसलं. शेपटी आखूड, पंख अर्धवट, डोळे मात्र टक्क उघडे.

कोरेगावचे एक मास्तर मोटारीत चढत होते. ते छत्री टाकून खाली वाकले. "अरेरे, पडलंय बिचारं. उचलून घरट्यात ठेवूया."

"आवं मास्तर, ऱ्हाऊ द्या त्याला!" पाणपोईवरून अंबूबाई ओरडली. "पडलं न्हाई त्ये, उतारलंय. पंख हालवायला शिकतंय. पल्याड बघा, बाप बसलाय कुंपणावर."

कुंपणावर नर कर्रकर्र करत होता. मास्तर मागं सरले. आकारामनं इंजिन चालू ठेवलं, पण गाडी हलवली नाही. टपावरच्या माणसांनी खाली वाकून बघितलं. शेडच्या दारातून घड्याळाकडं बघणाऱ्या लालासाहेबांनीही घड्याळ खिशात टाकलं. पिल्लानं एक उडी मारली, थांबलं, दुसरी मारली. मग एकदम पंख फडफडवून ते हातभर उंच उठलं आणि कुंपणाच्या काट्यांत शिरलं. नर लगेच त्याच्यामागं गेला.

थोरली अकरा मिनिटं उशिरा सुटली. मास्तरांनी आकारामच्या शेजारी बसून विचारलं, की पिल्लू पडलंय का उतरलंय हे ओळखायचं कसं? आकारामनं त्याला कळलं होतं तेवढं सांगितलं: पिसं फुटली असतील तर लांबूनच बघावं, नागडं असेल तर उचलून घरट्यात ठेवावं, हात लागला म्हणून आई टाकत नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, तिच्या गोठ्यात आढ्याला चिमण्यांनी घर केलंय आणि सून ते काढायचं म्हणते. "मग काय सांगू तिला?" तिनं विचारलं. त्यावर चार जणांनी चार सल्ले दिले. कुणी साळुंकीचं सांगितलं, कुणी पारव्याचं. मोटार धूर ओकत कोरेगावच्या वाटेनं चालली होती आणि आत सगळे एकदमच बोलत होते. आकारामला निम्मं ऐकू येत नव्हतं, तरी तो मान डोलवत होता.