पोकुआआजीच्या दारावरचं कुलूप

आमच्या घानातल्या कुमासीकडे शनिवारी मयताचा मांडव दिसला की कोण गेलं हे कुणी विचारत नाही. लाल-काळं नेसायचं, उजवीकडून डावीकडे हात मिळवत जायचं आणि खुर्ची धरायची. सिनेमावाल्या ओबिरीच्या चित्रीकरणाचा मांडवही लोकांनी खराच धरला. शवपेटी रिकामी, पण वस्ती सगळी हजर!

ओबिरी खूश झाला. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी काढलेला अंत्यविधीचा विनोदी सिनेमा तो नव्यानं काढत होता. त्यातला हशा पिकवणारा प्रसंग एकच होता. भांडणारे नातेवाईक विधवेलाच ‘चेटकीण’ म्हणून घराबाहेर फरफटत नेतात. तेव्हा त्यात सुनेचं काम केलेली नटी दुफीमावशी आता विधवेच्या कामात होती.

“नवरा गिळलास की गं!” नट ओरडला. मांडव खदखदला.

“सिनेमातली कशाला? खरी इथं बसलीय!” मागून आवाज आला. तो वस्तीतल्या बोआटेंचा होता. बोट पोकुआआजीकडे. तिचा नवरा, म्हणजे बोआटेंचा मामा, मागच्या वर्षी वारलेला. आमच्यात वारसा भाच्याकडे जातो, पण आजी अजून त्या घरात राहत होती. “माझ्या मामाला हिनंच खाल्लं!”

“अरे लेकरा, मी तर रडायला आले रे,” आजी म्हणाली. तिचा रडवेला चेहरा बघून लोक आणखीच हसले. कुणी तिचं वस्त्र ओढलं.

ओबिरीला वाटलं, लोक रंगात आलेत. “वा! थांबू नका!”

“यंत्र बंद कर, मेल्या!” दुफीमावशी कडाडली. “ती नटी नाहीये!”

तोवर आजी मांडवाबाहेर फेकली गेली होती.

“मावशी, गंमत होती हो...”

“गंमत? तुझ्या बापाच्या सिनेमात मीही हसले होते. पडद्यावर म्हातारीला ओढलं की हसायचं, हे आपणच शिकवलं लोकांना. आज त्यांनी धडा म्हणून दाखवला! देवाच्या घरी रविवारी विधवांसाठी गळा काढून गातो आपण, आणि शनिवारी हे?”

ओबिरी खाली बसला. वडिलांच्या ज्या प्रसंगावर तो लहानपणी पोट धरून हसला होता, तो त्याला पहिल्यांदा दिसला.

सोमवारी तो वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून उभा राहिला. “तो खेळ होता. आजीला घरी राहू द्या.”

बोआटे शांतपणे म्हणाले, “खेळ तुमचा असेल. अख्खी वस्ती हसली, ती बाहेर पडेपर्यंत एक माणूस ‘नाही’ म्हणाला नाही. तुमच्याच यंत्रात आहे ना सगळं?”

वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. आजीनं घर सोडायचं, असा निकाल झाला.

ओबिरी धावत घराकडे गेला. दाराला नवं कुलूप. शेजारीण म्हणाली, “सकाळच्या मालट्रकनं गेली. उत्तरेला, चेटकीण म्हणून हाकललेल्या बायांच्या वस्तीवर. तिकडून कोण परत येतं, दादा?”

त्यानं तो प्रसंग पुसून टाकला, सिनेमा थांबवला. पण देवा, मांडवातलं हसू कोण पुसणार?

भावांनो, बहिणींनो, एकट्या बाईला चेटकीण म्हणणारा पापी आहेच. पण त्याचं बळ आपल्या हसण्यातून येतं. पुढच्या वेळी सगळे हसतील तेव्हा निदान एकानं उठून म्हणावं, ‘नाही!’ पोकुआआजीसाठी तो एक जण वेळेवर उठला नाही.